बोजा

सकाळी सव्वादहाला तिच्या दिवंगत नवऱ्याचा सहकारी मोटारसायकल विकत घ्यायला आला. सगळं जमलं, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा दिसला. “कर्ज फिटल्याचं पत्र द्या वहिनी, आजच नेतो.” कपाट उपसूनही पत्र मिळेना. नवरा असताना ती दरवर्षी म्हणायची, “विका हो ते धूड!” त्याचं उत्तर ठरलेलं, “अगं, बँकेचा बोजा आहे, विकणार कशी?” आणि रविवारी तिलाच मागे बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणायचा. शेवटी तिने जिन्याखाली उभ्या गाडीचं सीट उचललं. पान्यांच्या पिशवीत, तेलकट फडक्यात पत्र होतं. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. “लबाड कुठला!” ती एकटीच हसली. “सापडलं का, वहिनी?” सहकाऱ्याने दारातून विचारलं. तिने पत्र पुन्हा फडक्यात गुंडाळलं, सीट दाबून बसवलं. “नाही हो, भाऊजी. बोजा आहे अजून.” संध्याकाळी गाडी जिन्याखालीच होती.