फरशीवरची टरफलं

मुकादमांचं बोट पुन्हा उठलं आणि मुकादमीणबाईंनी पुन्हा झाडू उचलला.

अर्धांगवायूनं मुकादमांची वाचा गेली होती. मान तेवढी वळायची, आणि डाव्या हाताच्या एका बोटात काय तो जीव उरला होता. रोज सकाळी ते बोट मागच्या दाराकडे उठायचं. दाराबाहेर टांगलेल्या भांड्यातल्या बिया चिमण्या फोडायच्या आणि खाली टरफलांचा सडा पडायचा. बोट नेमकं त्या फरशीकडे. ज्या माणसानं एकतीस वर्षं सफाईवाल्यांकडून रस्ते लख्ख करून घेतले, ताटाबाहेर शीत सांडलं तरी ज्याच्या कपाळाला आठी पडायची, त्याला डोळ्यांसमोरचा हा उकिरडा कसा बघवेल? बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते बोट त्यांना पाठ झालं होतं.

भांडं काढून टाकायला मात्र हात धजेना. ते मुकादमांनीच टांगलेलं, आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात. मग बाईंनी पदर खोचला. आधी दिवसातून तीनदा झाडून पाहिलं. मग भांड्याखाली तारेनं जुनी परात बांधली. सांडलेले दाणे टिपायला होले उतरायचे आणि आणखी घाण करून ठेवायचे, त्यांना काठी आपटून हाकललं. शेवटी सोललेल्या बियाच आणल्या. टरफलाचं नावच नको. एवढ्या धावपळीतही सकाळचं ऊन मुकादमांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दारावरचा चटईचा पडदा अर्ध्यावर सोडायला त्या एक दिवस विसरल्या नाहीत.

बोट आणखी काही दिवस उठलं. मग नुसतं थरथरायचं. मग तेही थांबलं, आणि मुकादमांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जिंकलीस गं आई," भेटायला आलेली लेक म्हणाली. "बाबांना तुझ्या कामात खोट सापडली नाही, असं पहिल्यांदाच झालं असेल."

"निवांत झालेत आता," बाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी घटकाभर झोपल्या.

पंधरा दिवसांनी मुकादम गेले. तसेच, भिंतीकडे तोंड करून.

भाड्यानं आणलेली खाट परत न्यायला माणूस यायचा होता. चादर काढता काढता बाईंच्या कंबरेत उसण भरली. जरा टेकावं म्हणून त्या तिथंच आडव्या झाल्या. डोकं मुकादमांच्याच उशीवर. मान दाराकडे वळवली.

बाहेर चिमण्यांचा कलकलाट चालला होता, पण एकही दिसेना. भांडं पडद्याआड गेलं होतं. पडद्याखालून दिसत होती ती तेवढी फरशी, जिथं होले दाणे टिपायला उतरायचे. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामी.