दहा आकडी आई

मुलगी कधी हरवलीच तर, म्हणून मी तिला माझा फोन नंबर पाठ करायला लावत होते आणि तिच्या गणिताच्या प्राध्यापक बाबांनी मध्येच नाक खुपसलं. "अगं, हा नंबर चक्क मूळ संख्या आहे! एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही." झालं. सात वर्षांच्या बाईसाहेबांनी तेवढंच पाठ केलं. मीही बजावून ठेवलं, "कुणीही न्यायला आलं तरी आधी नंबर विचारायचा. अगदी ओळखीचं वाटलं तरी."

आणि आज त्या मोठ्या दुकानात चादरी बघताना तिचा हात सुटला. मी तिला हाका मारत सुटले. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला, "एक मुलगी सापडली आहे. आईचा नंबर तिला आठवत नाही, पण त्याला कशानेच भाग जात नाही म्हणते. आईने दारापाशी यावं."

मी दाराकडे धावले. ती रखवालदाराच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती.

"नंबर सांग," ती म्हणाली.

घाबरून, धापा टाकत मी सांगून टाकला. तिने बोटांवर आकड्यांची बेरीज केली आणि रखवालदाराचा हात घट्ट धरला.

"काका, दिसायला आईच आहे. पण बेरीज पंचेचाळीस आली. हिला तीनने भाग जातो."

रखवालदार आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. "ताई, घाई नाही. गडबडीत एखादा आकडा चुकला असेल. नीट आठवून भाग न जाणारा सांगा."