बत्तीस घरांचं घर

हात लावू नका त्या घराला. म्हणजे लावा, पण आधी ऐका. तुमची बस तर चुकलीच आहे. दुसरी येईपर्यंत माझी गोष्ट सांगून होते.

ह्याच गावातली आहे, सात-आठ वर्षांपूर्वीची. शांतीलाल पाटील म्हणून एक गुजर माणूस होता. केळी चांगली, कापूस चांगला, तोंड मात्र खराब. बायको मीनाबाई तापात गेली. मागे पोर राहिली, रमिला, सात वर्षांची. मीनाबाईच्या भावानं मुंबईहून पोरीला प्लास्टिकचे ठोकळे आणले होते. लाल. खाली पोकळ, वर बारीक बोंडं. एकावर एक दाबले की घट्ट बसायचे. माय-लेकी दुपारभर घरं बांधायच्या. ठोकळा अडकला की मीनाबाई दातात धरून उपटायची. एका ठोकळ्यावर तर तिच्या दातांच्या खुणाच उमटल्या होत्या.

माय गेली, आणि पोर एकच घर बांधायला लागली. विचारलं तर म्हणायची, "मायनं घर शे." म्हणजे आईचं घर आहे. भिंती व्हायच्या आणि ठोकळे संपायचे. छपराला काही उरायचं नाही.

शांतीलालनं काय केलं? सुरतेला गेला तेव्हा नवा डबा आणला, पोरीपुढे ठेवला आणि शेतात निघून गेला. तिच्याजवळ बसणं त्याला जमतच नव्हतं. नवे ठोकळे पांढरे, गुळगुळीत, पण कंपनी दुसरी. जुन्या बोंडांवर ते धरेनात. पोर ठेवायची, पडायचा. पुन्हा ठेवायची, पुन्हा पडायचा. शेवटी तिनं ठेवायचंच सोडलं. नुसती भिंतींकडे बघत बसायची.

शांतीलालचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी, डोंगरसिंग. सातपुड्यातल्या मोलगी गावाच्या वरच्या पाड्यातला. एक दिवस बैलांना पाणी पाजून तो ओट्याशी टेकला. ते अर्धं घर बघितलं.

"बांधाले कितला घरना लोके उनात?"

"कोनी नही. मी एकटीच."

"मंग पडनारच ना, बाई. एकटाना हातनं घर कधी उभं ऱ्हास का?"

तिकडे डोंगरात कोणी घर बांधायला काढलं की अख्खा पाडा येतो. लाह म्हणतात त्याला. कोणी खांब आणतो, कोणी बांबू, कोणी गवताचा भारा. मजुरी नाही. ज्याचं घर त्यानं जेवायला घालायचं, एवढंच. ह्या बाबाला वाटलं, पोरीचं घर पडतं ते माणसं कमी म्हणून. कंपनी-बिंपनी त्याला काय ठाऊक.

होळीला तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी रमिलाला दोन ठोकळे सापडेनात. एक पांढरा. आणि एक लाल, दातांच्या खुणांचा.

पोर जेवेना. शांतीलाल भर चौकात ओरडला, "डोंग्या चोर शे. एक जुना, एक नवा, निवडीसन लई गया."

भिकन न्हावी म्हणाला, "पाटील, चोर ऱ्हाता तर आख्खा डबा नेता."

पाटील कुठला ऐकतोय.

आठ दिवसांनी डोंगरसिंग आला. पायी, खांद्यावर गाठोडं. शांतीलाल काठी घेऊन दारात उभा. "आठे पाय नको ठेवू," म्हणाला. डोंगरसिंगनं पाय ठेवला नाही. खालूनच हात लांब करून गाठोडं ओट्यावर सोडलं.

लाकडाचे ठोकळे. सागाचे, शिवणीचे, काही नुसत्या बांबूचे. काही नीट कोरलेले, काही ओबडधोबड. पण प्रत्येकाचं पोट जुन्या लाल ठोकळ्यावर बसवून बघितलेलं, आणि वरची बोंडं नव्या पांढऱ्याच्या मापाची. त्यासाठी दोन नेले होते त्यानं.

रमिलानं लालवर लाकूड दाबलं. लाकडावर पांढरा दाबला. धरला.

"बत्तीस घरं," डोंगरसिंग पोरीला म्हणाला. "दरेक घरना एक." मग कमरेची गाठ सोडून तिचे दोन्ही ठोकळे काढले. लाल होता तो धोतराला पुसून दिला.

एक तुकडा गाठोड्यात उरला होता. नुसतं लाकूड, कोरलेलं नाही. तो त्यानं ओट्यावर ठेवला, शेजारी चाकू ठेवला.

"हाऊ तुन्हा बापना शे," तो रमिलाला म्हणाला. "त्याना हात अजून लागना नही."

शांतीलालनं काठी भिंतीला लावली. खाली बसला, पोरीच्या शेजारी. जन्मात चुलीत काडी सारली नव्हती त्या माणसानं. बोट कापलं. तुकडा वाकडा झाला. रमिलानं तो दारावर दाबला, तो उलटाच बसला. हातानं निघेना. मग तिनं तो दातात धरला, उपटला आणि सुलटा करून बसवला.

पाटील बराच वेळ तोंड फिरवून बसला होता.

लाहेचं जेवण तर द्यायलाच हवं. ज्वारी, गूळ, तेल घेऊन तो मोलगीला गेला. गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढे डोक्यावर. चोर म्हणून ओरडला होता चौकात, माफी मागितली बत्तीस घरांपुढे.

आता बघा, हात लावून बघा. दारावरचा तो तुकडा. दातांच्या खुणा दिसतात? बारीक आहेत, पोरीच्या.

अगं रमिला, पाहुण्यांना चहा आण.

छपरात एक जागा अजून मोकळी आहे. येईल त्याच्यासाठी ठेवतो मी एक, भरली की दुसरी काढतो. बस यायला वेळ आहे. हे लाकूड घ्या, हा चाकू घ्या. वाकडा होईल म्हणून लाजू नका, माझा बघितलाच तुम्ही दारावर. तुमच्या हातचा एक कोरून द्या.