गच्चीपासून पलंगापर्यंत

केबल किती लांब हवी, असं दुकानातल्या बाईंनी विचारलं तेव्हा घड्याळवाल्या काकांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढून काउंटरवर ठेवला. "एवढी," ते म्हणाले. "गच्चीवरच्या दुर्बिणीपासून खालच्या पलंगासमोरच्या टीव्हीपर्यंत. वळणं धरून मोजलीय."

बाईंनी सुतळी मोजली. सव्वीस मीटर भरली. मग काकांनी आपली फजिती सांगितली. गेल्या आठवड्यात त्यांनी तीन साध्या एचडीएमआय केबली एकाला एक जोडून पाहिल्या होत्या. पडद्यावर जरा वेळ ठिणग्यांसारखे ठिपके चमकले आणि मग काळोख. बाई म्हणाल्या, होणारच. तांब्याच्या तारेतून चित्र इतकं लांब जात नाही, वाटेतच त्याला धाप लागते. एवढ्या अंतराला काचेच्या धाग्याची केबल लागते, तिच्यातून चित्र उजेड होऊन जातं.

काका बघतच राहिले. शनीवरून निघालेला उजेड सव्वा तास धावून त्यांच्या गच्चीवर पोहोचायचा, हे त्यांना पाठ होतं. आता शेवटचे सव्वीस मीटरही तो उजेड होऊनच जाणार होता. केबलला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' लिहिलंय ते दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याला आणि 'डिस्प्ले' लिहिलंय ते टीव्हीला, असं बाई समजावत होत्या. काका मान डोलवत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या उजेडातच अडकलं होतं.

काकांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि उरलेल्या वेळात दुर्बीण बांधली. आरसा स्वतः घासला. ती आकाशाबरोबर हळूहळू फिरावी म्हणून तिला भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाचं यंत्र बसवलं. शेजारपाजारचे एकदा भिडेखातर येऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. काकू मात्र तीस वर्षं प्रत्येक हाकेला वर आल्या. हातातलं काम टाकून दोन जिने चढायचं, जाड भिंगांचा चष्मा काढायचा, काचेला डोळा लावायचा आणि म्हणायचं, "वा, कडं काय सुरेख दिसतंय." खाली गेल्यावर शेजारणीला सांगायचं, लोक शनी मागे लागू नये म्हणून जपतात, आमचे हे स्वतःच त्याच्या मागे लागलेत. त्या चेष्टेवर काका खूश असत. आपलं वेड घरात एका माणसाला तरी कळलं, एवढं त्यांना पुरे होतं.

आठ महिन्यांपासून काकू पलंगावर होत्या. हृदयाचं दुखणं, जिना तर सोडाच, अंगणही बंद. किती दिवस, असं काकांनी विचारलं तेव्हा डॉक्टर उगाचच कागद चाळू लागले. काका काय ते समजले. इकडे शनीचं कडंही मिटत चाललं होतं. पुढच्या वर्षी त्याची नुसती रेघ उरणार, आणि पुन्हा नीट उघडायला पाच-सात वर्षं. काकूंना एकदा, शेवटचं, ते दाखवायचंच, असं काकांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर खपून काकांनी जुन्या अँटेनाच्या नळीतून केबल ओढून घेतली. संध्याकाळी कॅमेरा लावला, धावत खाली आले. पडदा काळा. पुन्हा वर, पुन्हा खाली. काळाच. शेवटी त्यांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून वरचं टोक पाहिलं. त्यावर 'डिस्प्ले' लिहिलं होतं. केसाएवढ्या स्क्रूचे आटे नजरेनं ओळखणाऱ्या माणसानं सव्वीस मीटर केबल उलटी घातली होती. ते कठड्याला टेकून बसले.

"अहो, राहू द्या आता," खालून काकूंचा आवाज आला. "नंतर कधीतरी बघू."

नंतर नव्हतं, हे काकांना ठाऊक होतं. दुसरा सबंध दिवस त्यांनी केबल काढून पुन्हा घालण्यात घालवला. हात सोलवटले. दोन दिवस आभाळ भरून राहिलं. तिसऱ्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, ढग हटले. काकांनी शनी धरला, घड्याळाचं यंत्र सुरू केलं आणि ते देवाचं नाव घेत जिना उतरले.

पडद्यावर काळंभोर आकाश होतं. त्याच्या मधोमध एक पिवळसर गोळा किंचित थरथरत होता, आणि त्याच्याभोवती, त्याला कुठेही न टेकता, कडं. गोळा आणि कड्याच्या मधली काळी फटसुद्धा दिसत होती. काकांनी हे हजारदा पाहिलं होतं, तरी त्यांच्या अंगावर काटा आला. इतकी मोठी वस्तू, इतक्या लांबून, दोन जिने उतरून त्यांच्या खोलीत आली होती.

काकूंनी चाचपडत चष्मा चढवला. कोपरावर भार देऊन त्या उठून बसल्या. काका नेहमीच्या 'वा'ची वाट बघत उभे राहिले. तो आलाच नाही. काकू कितीतरी वेळ पापणी न लववता पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अहो," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्याला खरंच कडं आहे?"