सलग नंबर
जासईच्या यार्डात क्रेनवरचा कंटेनर आदळून आनंदाकाका गेले. यार्डावर नजर ठेवणारा कॅमेरा सेकंदाला एक फोटो काढायचा. "अपघाताचे चाळीस फोटो पुसून टाक, बाकीच्यांचे नंबर सलग कर. चक्कर येऊन पडला म्हणू," साहेब कॅमेरावाल्या धनेशला म्हणाले. धनेशची जमीन यार्डातच गेली होती. बदल्यात मिळालेल्या नोकरीवर घर चालत होतं. त्याने फोटो पुसले, एका ओळीची कमांड लिहिली. एंटर दाबलं. हजारो फोटोंना क्षणात नवे नंबर लागले. पोलिसांना कुठेच खंड दिसला नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे शेवटचे फोटो बघायला वेणूकाकी आली. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती नुसती फोटोंतल्या काकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात उभे हायत, पुढच्यात आडवे. मधले फोटो कुठे हायत?" साहेब दारातच उभे होते. "मीच पुसले, काकी," धनेश म्हणाला.