हेल्डनची चौथी खिडकी

पहिली

"आई, खिडकी उघडी आहे."

मंदाकिनीबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "कुठली?"

"वरच्या मजल्यावरची. डावीकडून चौथी."

"नीट मोज. वर पाच खिडक्या आहेत. चौथी विटांनी बंद केलेली आहे."

"पाचच आहेत. आणि चौथीतून एक बाई सतरंजी झटकतेय. धूळ माझ्या अंगावर पडली."

अवधूतला खराडीच्या कंपनीने कामासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. निघताना आईने लोणच्याची बरणी दिली आणि एकच काम सांगितलं. हेल्डनचं घर बघून ये. माझं राहिलं.

दुसरी

ॲम्ब्रोस हेल्डन. अठराव्या शतकातला वास्तुविशारद. गवंड्याचा मुलगा. तरुणपणी रोमला जाऊन पडक्या देवळांची मापं घेत हिंडला. परत आला तो समतोलाचं वेड घेऊनच. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. एका भिंतीत दार आलं तर समोरच्या भिंतीत तो खोटं दार बसवायचा. उघडायचं नाही, नुसती जोडी जमवायची.

त्याचं एकच घर शिल्लक राहिलं. मंदाकिनीबाईंनी ते पाहिलं होतं एका जुन्या पुस्तकातल्या एकमेव फोटोत. फोटो अस्पष्ट होता, पण चौथी खिडकी बंद होती, एवढं दिसत होतं. घर पुरं झालं त्याच वर्षी हेल्डनची लहान मुलगी वारली, हेही नोंदलेलं होतं. बाईंनी दोन गोष्टी जोडल्या. समतोलाच्या या पुजाऱ्याने आयुष्यात एकदाच समतोल मोडला. मुलीच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवून टाकली.

बाईंनी यावर निबंध लिहिला आणि पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात हे नोकरीभर शिकवलं. या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची.

गप्प झाले नाहीत ते फक्त शरच्चंद्र, बाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त. "फोटो काढला त्या दिवशी सुतार आला असेल," ते म्हणायचे.

"अहो, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये."

"म्हणून तर सुताराचं बोललो."

तिसरी

अवधूतने कपडे झटकले आणि त्या बाईलाच विचारलं. ती तिथली भाडेकरू, जन्मही त्याच खोलीतला. महायुद्धात जवळ बॉम्ब पडला, काचा फुटल्या, म्हणून वडिलांनी नवी काच मिळेपर्यंत फळ्या ठोकल्या होत्या. फोटो तेव्हाचा असणार, ती म्हणाली. विटा? विटा कशाला?

"आई, आता काय करायचं? निबंध नेटवर आहे."

तो त्यानेच चढवला होता. बाईंच्या निवृत्तीची भेट म्हणून. खराडीतल्या मित्रांनी मिळून वेबसाइट करून दिली होती, मेणबत्तीच्या हलत्या चित्रासकट. कुठकुठून ई-मेल येत होत्या. ते घर विकत घ्यायला निघालेल्या तिकडच्या एका ट्रस्टने तर कळवलं होतं की, आपलं संशोधन आम्हाला मार्गदर्शक ठरेल. आणि पुढच्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला होता.

"सत्कार होऊन जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मग दुरुस्ती लिहिते."

शरच्चंद्र पेपरमागून म्हणाले, "लिही, लिही. शाल काही परत मागत नाहीत."

चौथी

ही बंद आहे. चार वर्षं.

पाचवी

नम्रता पेढे घेऊन आली. बाईंच्या शेवटच्या वर्गातली. निबंध वाचून त्याच विषयावर शिकायला इंग्लंडला गेली होती. वाकून नमस्कार केला आणि लगेच लॅपटॉप उघडला.

फोटोत ती हेल्डनच्या घरासमोर उभी होती. तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, चौथ्या खिडकीत विटा होत्या.

"मॅडम, अगदी तुम्ही सांगायचात तस्सं! मला रडूच फुटलं."

बाईंनी चष्मा पुसला. परत घातला. विटा होत्याच.

"मधल्या काळात कुणीतरी ती उघडली होती म्हणे," नम्रता सांगत होती. "ट्रस्टने तुमच्या निबंधावरून पुन्हा मूळच्यासारखी केली. विटा त्या काळातल्या, हां. कुठलंसं पडकं घर शोधून तिथून आणल्या. काय सिन्सिअर लोक आहेत!"

"तिथे एक बाई राहायची."

"हो, होती एक म्हातारी. खोलीत अंधार झाला म्हणून कुरकुर करायची. शेवटी गेली सोडून."

नम्रता गेल्यावर मंदाकिनीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. ट्रस्टला त्यांनी स्वच्छ लिहिलं. खिडकी विटांनी कधीच बंद नव्हती. मुलीच्या मृत्यूशी तिचा संबंध मी जोडला. तो चुकीचा आहे, आणि हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. माझं नाव सगळीकडून काढून टाका, पण विटा काढा. त्या बाईंना परत बोलवा.

शरच्चंद्र मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. बाईंनी मेल पाठवली आणि सबंध आयुष्याची मिळकत एका बोटाने पुसून टाकल्यासारखं त्यांना वाटलं. बरंही वाटलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. ट्रस्टचे सचिव आता नवे होते आणि अतिशय विनयशील होते.

"आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. थोर संशोधकांना उतारवयात स्वतःच्याच कामाविषयी शंका येऊ लागते, हे आम्ही समजू शकतो. मात्र आपण ही वास्तू कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावंसं वाटतं. आम्ही ती रोज पाहतो. खिडकी बंदच आहे."