पोवळी अळंबीची हजेरी

ग्रामसभेच्या हजेरीत ग्रामसेवकाने शेवटचं नाव पुकारलं, "पोवळी अळंबी, देवराई!" देवराईच्या मातीत पुरलेल्या तारांमधून काहीच आलं नाही. तारांना जोडलेला सभेतला पडदा काळाच राहिला.

"सलग तिसरी गैरहजेरी. सदस्यत्व रद्द करा," सरपंच गावकर म्हणाले. अळंबीची ही जात फक्त याच देवराईत उरली होती. तिच्या संमतीशिवाय तिथे जांभ्या दगडाची चिरेखाण होऊ शकत नव्हती, आणि सदस्यत्व गेल्यावर संमती विचारायची गरजच उरणार नव्हती.

तारांची देखभाल करणारी केतकी उठली. "ती सावकाश बोलते, सरपंच. आणि हजेरी सभा संपेपर्यंत लागते."

"मग संपवतोच."

"ऐनवेळचे विषय राहिले की!" सुमतीकाकू ओरडल्या. "आमच्या नळाचं काय?"

नळावरून गटार निघालं, गटारावरून भटकी कुत्री, कुत्र्यांवरून सरपंचांच्या मेव्हण्याचं कुंपण. एक खाली बसला की दुसरा उठत होता. गावकर सारखे घड्याळ बघत होते.

दुपार कलल्यावर पडद्यावर एक बारीक रेघ उमटली, थरथरली आणि सरळ वर चढली.

"हजर!" केतकी किंचाळली. सगळी सभा टाळ्या वाजवत उभी राहिली.

गावकरांनी कपाळ चोळलं. "बरं. खाणीबद्दल तिचं मत काय?"

"विचारते. उद्यापर्यंत सांगेल."

"मग चहा सांगा," म्हणत सुमतीकाकूंनी ऐसपैस मांडी घातली.